स्तनाच्या कर्करोगातील गटोपचार : आयुष्य वाढल्याच्या दाव्याची पार्श्वभूमी

स्तन काढलेल्या बाईला त्याच अनुभवातून गेलेली दुसरी बाई भेटायला जाते, ही पद्धत अमेरिकेत १९५०च्या दशकात रुजली. रोग हाडांत, फुप्फुसांत, यकृतात पसरलेल्या स्त्रियांची सोय मात्र त्यात फारशी नव्हती. त्यांच्यासाठी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात गट सुरू झाले, तेव्हा डॉक्टरांना धास्ती होती की गटातली एकेक बाई दगावताना पाहून बाकीच्या खचतील. तसे झाले नाही. या गटांच्या चाचणीचे निष्कर्ष १९८१ साली आले, त्यांत गट न मिळालेल्या स्त्रियांच्या तुलनेत गटातल्या स्त्रियांमध्ये ताण, थकवा, गोंधळ आणि भीती कमी आढळली. पुढे वेदनाही कमी नोंदल्या गेल्या.

पद्धत साधी होती, पण सैल नव्हती. आठ-दहा स्त्रिया, दोन उपचारक, आठवड्यातून एकदा दीड तास, निदान वर्षभर. व्याख्यान नाही, ठरलेला धडा नाही. मरणाची भीती, नवऱ्याशी व मुलांशी बोलणे, डॉक्टरांना काय विचारायचे, उरलेला वेळ कशाला द्यायचा, हे विषय स्त्रियांकडूनच येत. शेवटी काही मिनिटे वेदनेसाठी स्व-संमोहन. गट बिघडतो तो बहुधा उपचारकाच्या भीतीने. कुणी रडू लागली की तो विषय बदलतो, ‘सकारात्मक राहा’ म्हणतो. मग ज्यांची तब्येत ढासळते आहे त्या गप्प होतात, कारण आपण कमी पडलो असे त्यांना वाटू लागते. सभासद वारली आणि पुढच्या बैठकीत तिचे नावच निघाले नाही, तर उरलेल्यांना कळते की आपल्याबद्दलही असेच होणार.

खरा वाद १९८९चा. त्याच चाचणीतल्या ८६ स्त्रियांच्या मृत्यूच्या नोंदी दहा वर्षांनी तपासल्या गेल्या. चाचणीत आल्यापासूनचे सरासरी आयुष्य गटात ३६.६ महिने, तुलनेच्या, म्हणजे गट न मिळालेल्या, स्त्रियांत १८.९ महिने निघाले. संशोधकांचा हेतू मनाने कर्करोग हरवता येतो ही लोकप्रिय कल्पना खोडून काढण्याचा होता, म्हणून या आकड्यांचे वजन आणखी वाढले. पण ते जपून वाचायला हवे होते. गटात ५० स्त्रिया, तुलनेत ३६. मुळात चाचणी आखली होती ती मनःस्थिती व वेदना मोजण्यासाठी. गटातले प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पांगले आहेत याचे माप) सरासरीहूनही मोठे होते, म्हणजे मोजक्या दीर्घायुषी स्त्रियांनी सरासरी वर ओढली होती. तुलनेच्या गटातली एकही स्त्री चार वर्षांनंतर जिवंत नव्हती. त्या भागातल्या अशाच रुग्णांच्या मानाने हे फारच वाईट असल्याचा आक्षेप १९९८ साली आला. गट तारत होता, की तुलनेच्या वाट्याला योगायोगाने अधिक आजारी स्त्रिया आल्या होत्या? इतक्या लहान चाचणीतून हे ठरत नाही.

ते ठरवायला मोठ्या चाचण्या लागल्या. कॅनडात २३५ स्त्रिया घेऊन केलेल्या चाचणीत (२००१) आयुष्याची मध्यका (निम्म्या स्त्रिया ज्याहून कमी व निम्म्या जास्त जगल्या तो आकडा) गटात १७.९ आणि तुलनेत १७.६ महिने होती. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत फरक सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी मूळ संशोधकांच्या १२५ स्त्रियांच्या चाचणीतही एकंदर लाभ दिसला नाही. ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरणारे प्रथिन) नव्हते त्या स्त्रियांत मात्र मोठा फरक दिसला, पण छोट्या उपगटातला असा आकडा पुन्हा तपासल्याशिवाय धरता येत नाही. मधल्या काळात औषधे बरीच सुधारली आणि आधारगट सर्रास मिळू लागले, हा बचाव केला जातो. तो अगदीच पोकळ नाही, पण १९८९चा दावा वाचवायला पुरत नाही.

या गदारोळात कॅनडातला दुसरा निष्कर्ष मागे पडला. सुरुवातीला ज्यांची मनःस्थिती फार खालावली होती, त्यांना मन व वेदना दोन्हींत फायदा झाला, मुळात बऱ्यापैकी सावरलेल्यांना जवळजवळ नाही. म्हणजे आधी त्रासाची चाचपणी करून मगच गटाचे बोलावणे द्यायला हवे. पण आयुष्य वाढते का, एवढाच प्रश्न पुढे राहिल्याने अनेक ठिकाणी हा उपाय फसला म्हणून बाजूला पडला.