गोळीबाराच्या गुन्ह्यात मुद्देमाल कसा बांधावा
(आमच्या पेट्या आणि किट घेणाऱ्या पोलीस ठाण्यांसाठी)

गोळीबाराच्या गुन्ह्यांसाठी आम्ही पुठ्ठ्याच्या पेट्या, कागदी पाकिटं, लेबलं आणि हातावरच्या बारुदाचे नमुने घ्यायचं किट पुरवतो. वस्तू साध्या आहेत. पण घटनास्थळ ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा या वाटेवर चांगला पुरावा निव्वळ बांधणीपायी वाया गेलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून हे पत्रक पेटीसोबत देतो. तपास अधिकाऱ्यांइतकंच ते मुद्देमाल कारकुनांनीही वाचावं.

पुंगळीचं बूड

गोळी सुटताना पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, मागच्या लोखंडावर जोरात आदळते. तिच्या बुडावर फायरिंग पिनचा खळगा पडतो, शिवाय त्या लोखंडावरचे कानशीचे बारीक ओरखडेही उमटतात. जप्त हत्यारातून प्रयोगशाळेत गोळी झाडतात आणि ती पुंगळी घटनास्थळावरच्या पुंगळीशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ओरखडे जुळवतात. गावठी कट्ट्याच्या बाबतीत या बुडाला फार मोल आहे. कट्ट्याची नळी बहुधा साध्या पाइपची असते, आत गोळीला फिरकी देणारे आटे नसतात, त्यामुळे गोळीवर भरवशाच्या रेघा मिळत नाहीत. पिन मात्र हाताने घासून केलेली, तिचा ठसा तिचाच.

बुडावर ‘केएफ’ दिसलं तर काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. अक्षरं आणि आकडे पंचनाम्यात जसेच्या तसे उतरवा.

पिस्तूल पुंगळी बाहेर फेकतं, बहुतेक वेळा उजवीकडे. रिव्हॉल्वर आणि कट्टा फेकत नाहीत. कट्ट्यातली पुंगळी हाताने काढावी लागते. म्हणून जागेवर काही मिळालं नाही तर आरोपी ज्या वाटेने पळाला ती वाटही धुंडाळा.

एका पाकिटात एकच

तीन पुंगळ्या एका प्लास्टिक पिशवीत घालून, वर लाखेचं सील लावून ठेवलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सील शाबूत होतं. आत पितळ पितळावर घासून बुडांवर नवे चरे पडले होते. कृपा करून प्रत्येक पुंगळी आणि प्रत्येक गोळी मऊ कागदात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा. खूण डबीवर करा, पुंगळीच्या बुडावर कधीच नको. शवविच्छेदनात निघालेली ओली गोळी वाळल्यावरच कागदात बांधा.

हत्यार आधी रिकामं करा, पण मॅगझीन कुठे होतं, रिव्हॉल्वरच्या कुठल्या घरात पुंगळी होती, हे लिहून मगच. नळीत पेन्सिल किंवा सळई घालू नका, फडक्याने पुसू नका, चाप ओढून पाहू नका. आमच्या पेटीच्या तळाला भोकं आहेत. त्यांतून पट्टी ओवून हत्यार जागच्या जागी बांधा.

संशयिताचे हात धुवू देऊ नका. बारुदाचे कण चालत्याफिरत्या माणसाच्या हातावरून काही तासांत जातात. मृताच्या हातांवर कागदी पिशवी बांधा. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

आरोपी सापडेपर्यंत थांबू नका

पुंगळ्या कपाटात पडून राहतात याचं आम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. शिकागोत फेब्रुवारी १९२९ मध्ये सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या गणवेशात होते, म्हणून संशय पोलिसांवरही आला. बंदुकांचे तज्ज्ञ कॅल्व्हिन गोडार्ड यांनी पोलिसांच्या टॉमी गन (थॉम्पसन सबमशीनगन) झाडून पाहिल्या. एकही जुळली नाही. डिसेंबरात मिशिगनमधल्या एका घरात दोन टॉमी गन सापडल्या आणि त्या जुळल्या. त्यांतलीच एक १९२८ च्या न्यूयॉर्कमधल्या खुनातही वापरलेली निघाली. दहा महिने आधी उचललेला मुद्देमाल नीट जपला होता म्हणूनच हे जमलं. आपल्याकडेही आज एका जिल्ह्यात वापरलेला कट्टा उद्या दुसऱ्या जिल्ह्यात विकला जातो. हत्यार हाती नसलं तरी पुंगळी प्रयोगशाळेला पाठवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. डबी बंद करणं, लेबलावर पंचांच्या सह्या, सील, हे सगळं त्यात सलग दिसू द्या. सीलचा नमुना पत्रासोबत जोडा. जप्तीची आणि रवानगीची तारीख मुद्देमाल रजिस्टरशी जुळते का, हे बचाव पक्षाचे वकील आधी पाहतात.

हत्यार कुठलं, गोळी कोणाची, यावर आम्ही मत देत नाही. ते काम प्रयोगशाळेचं. आमचा माणूस पंच म्हणूनही उभा राहणार नाही, कारण माल आमचा आहे. पेट्यांचा वापर दाखवायला मात्र आम्ही ठाण्यात येतो, रात्रपाळीच्या अंमलदारांसाठी रात्रीही. पहिल्यांदा येताना रिकाम्या पुंगळ्या आणि भिंग सोबत आणतो, म्हणजे घासलेलं बूड आणि न घासलेलं बूड प्रत्येकाला स्वतः पाहता येतं.