मोदक फॉन्ट: एवढं जाड अक्षर वाचता कसं येतं?

पोस्टर-बॅनरवर कधी कधी एक गुबगुबीत, सगळीकडून गोल झालेलं देवनागरी अक्षर दिसतं, जाड म्हणजे इतकं जाड की आत पांढरी जागा जवळजवळ उरलेलीच नाही, फक्त केसासारख्या फटी. तो बहुतेक मोदक फॉन्ट असतो. मुंबईच्या एक टाइप या गटाने तो केलाय, त्यातली देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, आणि गूगल फॉन्ट्सवर तो कुणालाही फुकट मिळतो. आजवरचा सगळ्यात गुबगुबीत देवनागरी फॉन्ट बहुधा हाच, असं करणाऱ्यांचंच म्हणणं आहे. मला तो फार आवडतो, आणि गोड दिसतो एवढंच त्याचं कारण नाहीये.

आपल्याला वाटतं की जाड फॉन्ट म्हणजे नेहमीच्या अक्षराची रेघ जाड केली, झालं. पण रेघ बाहेर वाढते तशी आतही वाढते आणि आतली पोकळी खाऊन टाकते, आणि अक्षर ओळखायला डोळ्याला ती पोकळीच लागते. घ आणि ध शेजारी शेजारी लिहून बघा. ध ला डावीकडे वर छोटं वळण आणि तिथे शिरोरेघ तुटलेली, घ ला ती सलग, बस एवढाच फरक, म आणि भ चंही तसंच, आणि प च्या पोटात एक तिरकी रेघ टाकली की ष. रेघ फुगवत गेलं की पहिल्यांदा नेमक्या याच जागा बुजतात. रोमन लिपीत एका अक्षरात एकदोन पोकळ्या, आपल्याकडे ज्ञ, क्ष, द्ध, वरती वेलांटी, रफार, खाली उकार. म्हणून मोदकमध्ये नेहमीचं अक्षर नुसतं फुगवलेलं नाही, अक्षरांचे आकारच गरजेप्रमाणे बदललेत, आणि वाचता येईल अशी बारीक फट जिथे हवी तिथे राखली आहे. खरं चित्र काढलंय ते त्या फटींचं, असं मी म्हणेन.

कुठल्याही जाड फॉन्टमध्ये डोळ्याच्या सवयीही सांभाळाव्या लागतात. आडवी आणि उभी रेघ मोजून सारखी ठेवली तर आडवी जास्त जाड दिसते, म्हणून ती थोडी बारीक करतात. दोन रेघा मिळतात तिथे काळा डाग दिसतो, म्हणून तो सांधा आतून कोरतात. गोल आकार चौकोनाएवढाच उंच काढला तर लहान वाटतो, म्हणून तो किंचित मोठा काढतात. गोलाई लोकांना आवडते यावर प्रयोगही झालेत, मोशे बार आणि मायटल नेटा यांनी 2006 मध्ये एकाच प्रकारच्या वस्तूंचे गोल कडांचे आणि टोकदार कडांचे फोटो दाखवले तर लोकांचा कल गोल कडांकडे निघाला.

आता हा फॉन्ट कुठे चालतो ते थोडा हिशोब केला की कळतं. निरोगी डोळ्याला साधारण कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो, म्हणजे हातातला कागद 40 सेंटीमीटरवर धरला तर सुमारे 0.12 मिलिमीटर. समजा फट अक्षराच्या मापाच्या 2 टक्के आहे. 12 पॉइंटच्या, म्हणजे सुमारे 4.2 मिलिमीटर मापाच्या मजकुरात ती होते 0.085 मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाही, अक्षराचा काळा गोळा. तेच अक्षर बॅनरवर 30 सेंटीमीटर उंच केलं की फट 6 मिलिमीटर होते आणि 20 मीटरवरूनही ती दिसायला हरकत नाही. म्हणजे फॉन्ट तोच, पण निमंत्रणपत्रिकेच्या आतल्या मजकुरात नापास आणि मंडपाच्या कमानीवर एकदम झकास.

हे गणित छापताना आणखी बिघडतं. कागदावर किंवा टीशर्टच्या कापडावर शाई थोडी पसरतेच आणि फट आणखी चिंचोळी होते. गडद रंगावर पांढरी अक्षरं टाकली की वेगळीच अडचण, उजळ भाग डोळ्याला आहे त्यापेक्षा मोठा दिसतो (ग्रह-ताऱ्यांबद्दल गॅलिलिओनेही हे टिपलं होतं), त्यामुळे मधली काळी फट आणखी बारीक वाटते, तेव्हा अक्षर थोडं मोठं घ्या.

आणि कृपा करून मोदकवर बोल्डचं बटण दाबू नका! त्याचं वजन, म्हणजे रेघेच्या जाडीचा प्रकार, एकच आहे, वेगळा बोल्ड बनवलेलाच नाही, मग सॉफ्टवेअर काय करतं तर बाह्यरेषा स्वतःच फुगवून टाकतं, आणि इतक्या निगुतीने राखलेल्या फटी एका क्लिकमध्ये बंद. अक्षराला त्याच रंगाचा जाड स्ट्रोक, म्हणजे कडेने रेघ, दिला तरी तेच होतं. सावली, ग्लो वगैरे प्रकारही इथे नकोतच.

एकदोन शब्दांचं शीर्षक असेल, मुलांचं काही असेल, खाऊच्या पाकिटावरचं नाव असेल तर मोदक बिनधास्त वापरा. शीर्षक लांब असेल तर याच गटाचा बलू 2 घ्या, तोही गोल आणि ठसठशीत पण आत मोकळी हवा आहे, शिवाय रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं मिळतात. तारीख, वेळ, पत्ता मात्र मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये टाका, तोही एक टाइपचाच आहे आणि त्याची सातही वजनं फुकट आहेत.