नागाचं विष आणि धोतऱ्याचं विष

भाचीने गृहपाठाची वही पुढे केली. 'पॉयझनस' आणि 'व्हेनमस' या शब्दांचा वाक्यात उपयोग करायचा होता आणि तिने दोन्हीकडे नागच बसवला होता. "मामा, दोन्हीचा अर्थ विषारीच ना?"

तिचंही बरोबर आहे. मराठीत नाग विषारी, धोतरा विषारी आणि हातभट्टीची दारूही विषारी. इंग्रजी बोलणारेसुद्धा सर्रास घोळ घालतात. पण जीवशास्त्रात या दोन शब्दांची अदलाबदल चालत नाही.

पॉयझन हा शब्द लॅटिन 'पोशिओ'वरून फ्रेंचमार्गे आला. मूळ अर्थ पेय! खाण्यापिण्यातून, श्वासातून किंवा कातडीतून झिरपून बाधतं ते पॉयझन. व्हेनम मात्र दाताने किंवा नांगीने टोचावं लागतं. आपण विशेषणात फरक करत नाही, पण घटनेत करतोच की: धोतऱ्याची विषबाधा होते, नागाचा दंश होतो. गावाकडे तर सापाचं नावही न घेता 'पान लागलं' म्हणतात.

धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपीन हा छोटासा रेणू, आतड्यातून सहज रक्तात उतरतो. सापाचं विष म्हणजे बहुतांशी मोठमोठी प्रथिनं. पोटात गेली तर डाळीतल्या प्रथिनांसारखीच पचायला लागतात. (चव घेऊन बघू नका. हिरडीला जखम असली की रस्ता मोकळा.)

टोचल्यावर ही प्रथिनं काय करतात ते घोणशीकडून शिकावं. आपलं रक्त गोठतं ते साखळीने: एक घटक दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन नावाचे धागे बनवतं. घोणशीचं विष या साखळीत मध्येच घुसून दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट जागं करतं. म्हणजे रक्त गोठायला हवं ना? चिमूटभर विष जखमेवर लावलं तर गोठतंच. 1934 मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या ब्रिटिश संशोधकांनी हेच विष अगदी पातळ करून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला वापरलं होतं. पुढे 1964 मध्ये या साखळीची कल्पना मांडणाऱ्यांत हेच मॅकफार्लेन होते. पण दंशानंतर विष अंगभर फिरतं, जागोजागी बारीक धागे बनतात, विरघळतात आणि फायब्रिनोजेन संपून जातं. पंगत बसायच्या आधीच बुंदी वाटून संपावी तसं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं आणि ते थांबवायला अंगात काही उरलेलं नसतं.

म्हणूनच ग्रामीण रुग्णालयात एक साधी चाचणी करतात. काचेच्या नव्या, कोरड्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर संशय घोणस किंवा फुरशावर. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच साखळी सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही पातळ राहून फसवू शकतं. नाग आणि मण्यार यांचं विष मात्र मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. तिथे रक्त व्यवस्थित गोठतं, म्हणून रक्त गोठलं याचा अर्थ धोका टळला असा नाही.

मांत्रिकाचे मंत्र 'लागू' पडतात ते धामणीला, किंवा विषारी सापाने विष न सोडता नुसतेच दात रोवले असतील तेव्हा. खऱ्या दंशावर उतारा एकच, प्रतिविष. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते घोड्यांच्या रक्तापासून बनवतात. घोड्याला थोडंथोडं विष टोचलं की त्याचं शरीर प्रतिपिंडं, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारी प्रथिनं, तयार करतं. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायचं कारण नाही.

"मग एकही साप पॉयझनस नसतो?" भाचीने विचारलं. असतो, जपानमधला यामाकागाशी. तो विषारी भेक खातो आणि त्यांचं विष स्वतःच्या मानेतल्या ग्रंथींत साठवून ठेवतो. शिवाय जबड्यात मागच्या बाजूला दात आहेत, त्यांच्या विषाने रक्ताचं घोणशीसारखंच होतं.

तिने नाग खोडला आणि दोन्ही वाक्यांत यामाकागाशी बसवला.