काठावरची ओंबी आत की बाहेर?

‘यंदा पीक किती आणे?’ असं पूर्वी गावोगाव विचारलं जाई. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं बुडालं तर आठ. महसूल खात्याचा माणूस उभं पीक नजरेखालून घाली आणि आणे ठरवी. सारासूट याच आकड्यावर अवलंबून, त्यामुळे पीक चांगलं आलंय असं कबूल करण्याची कुणालाच घाई नसे. जिल्ह्याचं उत्पादनही याच नजरअंदाजावरून काढलं जाई.

नजरेऐवजी विळा आणि तराजू आणला तो जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने. १९२३ ते २५ या काळात बिहार-ओरिसातल्या भातशेतांत त्याने चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जागा निवडल्या आणि तेवढंच पीक कापून तोललं. त्याचा त्रिकोणी तुकडा एकराच्या ३,२००व्या भागाएवढा, म्हणजे जेमतेम सव्वा चौरस मीटर.

पुढे कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ही वाट रुंद केली. बंगालात कायमधारा पद्धत, म्हणजे सारा एकदाच कायमचा ठरलेला; आपल्याकडच्यासारखं तलाठ्याचं दप्तर तिथे नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःची माणसं शिकवून तयार केली. कापणीसाठी त्यांची पसंती लहान तुकड्यांना होती.

याला विरोध केला तो सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. फर्ग्युसनमधून लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकलेले सुखात्मे १९४० साली कृषी संशोधन परिषदेत आले. त्यांचं म्हणणं असं की गावात महसुली माणूस आहेच, त्यालाच शिकवा. आणि तुकडा मोठा घ्या. लहान तुकड्यांतून पिकाचा उतारा फुगलेला येतो, हे त्यांच्या गव्हाच्या प्रयोगांत दिसलं होतं.

कारण साधं आहे. तुकड्याभोवती ताणलेल्या दोरीवर आलेली ओंबी आत धरायची की बाहेर? हात आपसूक आत ओढतो. एक चौरस मीटरच्या चौकोनाला काठ चार मीटर. दहा बाय पाचच्या तुकड्यात तोच काठ दर चौरस मीटरमागे फक्त साठ सेंटिमीटर. जितका काठ जास्त, तितकी चूक जास्त. महालनोबिसांना हे पटलं नाही, आणि दोघांचा वाद बराच गाजला. माझं मत सुखात्म्यांकडे झुकतं, पण सरकारी आकडा सरकारी माणसानेच गोळा करू नये हा महालनोबिसांचा आग्रह मोडीत काढण्यासारखा नव्हता.

सुखात्म्यांचा तुकडा होता ३३ बाय साडेसोळा फूट. आज बऱ्याच पिकांच्या कापणी प्रयोगांत १० बाय ५ मीटरचा तुकडा आखतात, तो जवळजवळ तोच. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकून काढल्यासारख्या, आकड्याइतकी पावलं चालायची, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. १९८५पासून पीकविम्याची भरपाईही या वजनावर ठरू लागली. आता दोरीपाशी विमा कंपनीचा माणूस उभा राहू शकतो, आणि काठावरच्या ओंबीबद्दल त्याचं नि शेतकऱ्याचं मत एकच असेल असं नाही.