एएफबी पॉझिटिव्ह म्हणजे टीबीच? नाही हो

इंजेक्शनच्या जागी महिनाभराने गाठ आली, पू तपासला, रिपोर्टमध्ये एएफबी (अॅसिड-फास्ट बॅसिलस, म्हणजे खास रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काडीसारखे जंतू) पॉझिटिव्ह, की लगेच सगळे म्हणणार त्वचेचा टीबी झाला, सहा महिन्यांचा कोर्स घ्या. हा गैरसमज वर्षानुवर्षं फिरतोय. त्या रंगाच्या तपासणीत (स्टेनमध्ये) फक्त लाल काड्या दिसतात, त्या टीबीच्या की त्याच्या पाण्या-मातीत राहणाऱ्या चुलतभावांच्या (एनटीएम, म्हणजे टीबीचे नसलेले मायकोबॅक्टेरिया) हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए तपासणं) लागतं.

आणि कल्चरचीही एक गंमत आहे. फिश टँक साफ करताना बोटाला खरचटलं की शिरणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम ३० डिग्रीच्या आसपास नीट वाढतो, ३७ ला ठेवलं तर बऱ्याचदा उगवतच नाही आणि रिपोर्ट येतो निगेटिव्ह! म्हणून बायोप्सी पाठवताना लॅबला मरिनमची शंका आहे हे आधीच सांगायचं, आणि दोन दिवसांत निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजायचं नाही, काही जातींना आठवडे लागतात.

औषधाचं म्हणाल तर मरिनमवर आयसोनियाझिड, पायराझिनामाइड चालत नाहीत, मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस या दुसऱ्या एनटीएमवर तर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या जवळपास निरुपयोगीच. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत सेन्सिटिव्हिटी (जंतूवर कोणतं औषध चालतं ते) बघून दुसरं औषध, तेही कित्येक महिने, कधी गाठ कापून साफ करावी लागते. अॅब्सेससमध्ये कधीकधी क्लॅरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स उशिरा उघडा पडतो, त्यामुळे लॅबने सेन्सिटिव्हिटीची ती प्लेट १४ दिवस बघायची असते.

आणि हो, घरच्यांची भांडी वेगळी करू नका, त्वचेचा हा एनटीएमचा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही.