सम्राटाची कविता म्हणजे सहाणेच्या वयाचा दाखला नव्हे

शाई उगाळायच्या चिनी सहाणेवर 18व्या शतकातल्या छ्यान्लुंग या चिनी सम्राटाची कविता कोरलेली असली, की ती त्यात सांगितली आहे तितकी जुनी, असा समज संग्राहकांत पक्का रुजला आहे. तो चुकीचा आहे. कविता अस्सल असली तरी कळतं एवढंच, की 18व्या शतकात ती सहाण दरबारात होती.

सर्वांत मोठा घोळ कौलांच्या सहाणांचा. हान काळाच्या अखेरचा (हान काळ इ.स. 220 मध्ये संपला) सेनानी त्साव त्साव याने इ.स. 210 मध्ये बांधलेल्या ताम्रपक्षी मनोऱ्याच्या कौलांतून त्या घडवल्या, असं सांगत. सुंग काळातच (10वं ते 13वं शतक) मागणी इतकी वाढली, की नकला निघू लागल्या. छ्यान्लुंग सम्राटाने 1778 मध्ये करवलेल्या सहाणांच्या 24 खंडांच्या सचित्र सूचीतही अशी कौलं हान काळाच्या नावाने नोंदली आहेत.

तपासताना आधी मागची बाजू बघा. साच्यावर थापलेल्या जुन्या कौलाच्या आतल्या अंगाला कापडाची वीण उमटलेली असते. पण नक्कल करणारे तीही उठवतात. सालाचा शिक्का तर त्याहून सोपा. मग पाण्याचे चार थेंब टाका: साधं कौल ते शोषतं, त्यावर शाई पुरी उगाळण्याआधीच सुकते. पाणी अजिबात मुरलं नाही, तर ती माती सहाणेसाठीच गाळून भाजलेली असण्याची शंका घ्यावी. सूचीतल्या चित्राशी आकार जुळणं हाही पुरावा नाही; ते चित्र समोर ठेवूनच नक्कल होते.