पाण्याला १० अंश का?

कच्चे तेल हलके की जड, हे 'एपीआय' (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) अंशांत सांगतात. अंश जितके जास्त, तितके तेल हलके. या मापावर शुद्ध पाणी मात्र १० वर येते. ना शून्यावर, ना शंभरावर. हा दहाचा आकडा तेलातून आलेला नाही, मिठाच्या पाण्यातून आला आहे.

हे अंश हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या काट्याने मोजतात. तो म्हणजे आपल्या दुधाच्या लॅक्टोमीटरचाच भाऊबंद: तळाशी वजन, वर खुणांची बारीक दांडी. द्रव हलका असेल तितका तो खोल बुडतो. पण खुणा कुठे करायच्या? १७६८ मध्ये पॅरिसचे औषधनिर्माते आंत्वान बोमे यांनी त्यासाठी कुणालाही जमेल अशी रीत काढली. पाण्याहून हलक्या द्रवांसाठी १० भाग मीठ आणि ९० भाग पाणी यांच्या द्रावणात काटा जिथे तरंगेल तिथे शून्य, शुद्ध पाण्यात बुडेल तिथे १०. तेवढ्याच अंतराचे भाग पुढे दांडीवर वर चढवत न्यायचे. किती सुंदर कल्पना! पण मीठ किती शुद्ध, त्यात ओल किती, पाण्याचे तापमान किती, यावर सगळे अवलंबून. साहजिकच 'बोमे अंश' नावाची एकमेकांशी न जुळणारी अनेक मापे कारखान्यांत रूढ झाली.

१९१६ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने बोमे अंशांसाठी एक सूत्र पक्के केले: १४० ला सापेक्ष घनतेने (पाण्याच्या तुलनेतल्या घनतेने) भागा आणि १३० वजा करा. मग लक्षात आले की तेलधंद्यातले बरेचसे काटे १४० ऐवजी १४१.५ धरून आखलेले आहेत. ०.७० घनतेच्या तेलाला सूत्राने ७० अंश येतात, हे काटे ७०.६ दाखवत. तेव्हा १९२१ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने त्या चुकीच्याच काट्यांना मान्यता दिली: १४१.५ भागिले घनता, वजा १३१.५. पाणी १० वरच राहिले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. मोजमापाच्या व्यवहारात आकडा कुठून आला यापेक्षा तो सर्वांचा एकच असणे महत्त्वाचे असते.

हे अंश ६० फॅरनहाइटचे, म्हणजे सुमारे १५.६ सेल्सिअसचे. मुंबईच्या ३२ अंशांच्या दुपारी तेल फुगते आणि काटा ते आहे त्याहून हलके दाखवतो. म्हणून त्याच नमुन्यात थर्मामीटर बुडवून दोन्ही आकडे एकत्र टिपायचे आणि तक्त्यावरून ६० ला आणायचे.